गुन्हा नाही, मग वस्तू परत का नाही?

(फलटण येथे समर्थक कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले असून सध्या पारधी वस्त्यांवरील सेवाकार्यात मदत करतात. वस्तीचे व कुटुंबाचे नाव मुद्दाम दिलेले नाही.)



मला अर्धा तास दिला आहे. एकतीस वर्षं मी कोर्टात कारकून होतो. दुसरे बोलायचे आणि मी लिहून घ्यायचो. आज उलटं आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

मागच्या एका अंकात आपण वाचलं असेल की वसतिगृहातल्या एका पारधी मुलीची शिष्यवृत्ती अडकली आहे, कारण तिचा जातीचा दाखला हरवला. प्रार्थनेत आठवण ठेवा, असंही खाली लिहिलं होतं. आपण ठेवली, त्याबद्दल आभार. पण तो दाखला हरवला नव्हता. तो कुणी नेला हे आम्हाला माहीत होतं. पोलिसांनी नेला होता. तसं छापणं बरं दिसत नाही म्हणून आम्ही 'हरवला' असा शब्द घातला, आणि तो शब्द मीच सुचवला होता. कोर्टात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने असा शब्द वापरावा याची मला नंतर लाज वाटली. म्हणून आज खरं काय झालं ते सांगतो.

वस्ती इथून फार लांब नाही. सात-आठ पालं, दोन पत्र्याची घरं, शेळ्या, कोंबड्या आणि एक हातपंप. त्या मुलीच्या आजीला वस्तीवर सगळे काकी म्हणतात, म्हणून मीही काकीच म्हणतो. बकरी ईदच्या अगोदर काकींच्या मुलाने लोणंदच्या बाजारात बोकडं विकली होती. त्याचे 31,000 रुपये पत्र्याच्या डब्यात ठेवलेले होते. त्याच आठवड्यात दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावात घरफोडी झाली. पहाटे तीनच्या सुमाराला वस्तीवर दोन गाड्या आल्या. माणसांना उठवलं, पालं उलटीपालटी केली. जाताना काकींचा मुलगा आणि पुतण्या यांना घेऊन गेले. शिवाय मोटरसायकल नेली, दोन मोबाईल नेले, तो पत्र्याचा डबा नेला, काकींची डोरली आणि सुनेची चांदीची जोडवी नेली, आणि बाजाराची एक प्लॅस्टिकची पिशवी नेली. त्या पिशवीत रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डं आणि नातीचा जातीचा दाखला होता.

तिसऱ्या दिवशी दोघांना सोडून दिलं. गुन्हा दाखल नाही, अटक दाखवली नाही, कोर्टापुढे उभं केलं नाही. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायला हवं होतं, पण तो वेगळा विषय आहे, आज त्यात शिरत नाही. सुटून आले याचाच सगळ्यांना आनंद झाला. वस्तूंचं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, 'चौकशी चालू आहे, नंतर या.'

काकी 'नंतर' अकरा वेळा गेल्या. मी त्यांना विचारलं, 'काकी, अकरा कशा मोजल्या?' त्या म्हणाल्या, 'भाऊसाहेब, दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडली, ती कशी विसरंल?' एकदा त्यांनी बरोबर कोंबडी नेली. कोंबडी ठेवून घेतली गेली. वस्तू मिळाल्या नाहीत.

आता आपल्यातल्या काहींच्या मनात जो प्रश्न आला असेल तो मीच विचारतो, कारण माझ्याही मनात तो पुष्कळ वर्षं होता: काहीतरी केलं असेल म्हणूनच नेलं ना? पारध्यांत चोरी करणारे कुणीच नाहीत असं मी म्हणणार नाही. आपल्या जातीपातीत, आपल्या मंडळीतही नाहीत असं म्हणणार नाही. पण ज्याने केलं त्याच्यावर खटला भरावा, त्यासाठी कायदा आहे. इथे खटलाच नाही. ज्या घरफोडीसाठी ही धाड पडली तिच्याशी या दोघांचा संबंध जोडणारा एकही कागद आजपर्यंत कोर्टात आलेला नाही. तरीसुद्धा वस्तू त्यांच्या नाहीत असं गृहीत धरलं गेलं, कारण वस्ती पारध्यांची.

हे गृहीत धरणं आजचं नाही. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 च्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्माला आलं की गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. या जमातींना ठेवण्यासाठी ज्या वसाहती काढल्या, त्यांतल्या कितीतरी सरकारने मिशनांच्या हाती दिल्या होत्या. मुक्तिफौजेने त्या चालवल्या. त्या काळच्या सेवकांनी तिथे शाळा काढल्या, हातमाग शिकवले, आजाऱ्यांची सेवा केली, हे खरं आहे. कुंपणाची किल्लीही त्यांच्याकडेच होती, हेही खरं आहे. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. ती माणसं विमुक्त झाली असं कागदावर लिहिलं गेलं. पुढे 1959 साली आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि ठाण्यांतल्या वह्यांत बरीचशी तीच नावं राहिली.

पालावरचं जिणं कसं असतं हे याच फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने यांनी 1980 साली 'उपरा'त लिहिलं. ते कैकाडी समाजाचे. पारध्यांची स्थिती त्याहून बिकट म्हणावी लागेल. आपल्या शेजारच्या बारामतीत जून 1998 मध्ये पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. ते प्रकरण देशभर गाजलं. गाजलं ते शहरांत. वस्त्यांवर ते आजही हळू आवाजात सांगतात. काकींच्या मुलाला मी म्हटलं, 'तू स्वतः ठाण्यात जा, तुझीच गाडी आहे.' तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. काकी म्हणाल्या, 'त्याला नगा सांगू. मी म्हातारी हाय, मला काय करत्यात?' अकरा खेपा काकींनीच का घातल्या, ते मला तेव्हा कळलं.

आता कायद्याचं सांगतो. कंटाळा येईल, पण हे आपल्यालाही उपयोगी पडणारं आहे. उद्या आपली गाडी ठाण्याच्या आवारात गंजत उभी राहिली तर हेच कलम लागणार आहे.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, गाभा तोच आहे. चोरीची असावी असा संशय असलेली वस्तू पोलीस ताब्यात घेऊ शकतात. हे कलम 106, जुनं 102. पण त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की जप्ती केल्याचं ताबडतोब मॅजिस्ट्रेटला कळवायचं. ताबडतोब. खटला उभा राहिल्यावर नाही, सवड मिळाल्यावर नाही. झडती घेताना त्याच भागातले दोन पंच हवेत, घेतलेल्या वस्तूंची यादी हवी, आणि त्या यादीची प्रत घरच्या माणसाला द्यायची आहे. नव्या कायद्याच्या कलम 105 ने आणखी एक गोष्ट घातली: झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं, साध्या मोबाईलवर केलं तरी चालेल, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. काकींच्या वस्तीवर पंच नव्हते, यादी नव्हती, चित्रीकरण नव्हतं. वस्तीवरच्या एका पोराने स्वतःच्या मोबाईलवर काढायचा प्रयत्न केला. नेलेल्या दोन मोबाईलमधला एक त्याचा.

मग वस्तू परत कुणाकडे मागायची? इथेच बहुतेक लोक चुकतात. आपण ठाण्यात मागत राहतो. हवालदार साहेब म्हणतात नंतर या, आपण नंतर जातो. पण जप्त केलेली वस्तू कुणाच्या ताब्यात द्यायची हे ठरवायचा अधिकार मॅजिस्ट्रेटचा आहे. खटला चालू असेल तर कलम 497. खटला, चौकशी काहीच कोर्टापुढे नसेल, आणि जप्तीची खबर मात्र मॅजिस्ट्रेटकडे गेली असेल, तर कलम 503, जुनं 457. काकींसारख्यांसाठी हेच कलम आहे. 'मुद्देमाल परत मिळणेकामी अर्ज' असं त्यावर लिहायचं. असे शेकडो अर्ज मी हाताळले आहेत. ट्रकमालकांचे, वाळूवाल्यांचे, सराफांचे. एकतीस वर्षांत पारध्याचा किती वेळा हाताळला हे आठवून पाहिलं. एकही आठवला नाही.

वस्तू ठाण्यात किती दिवस ठेवायच्या यावर सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात सरकार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. पंधरा दिवस ते फार तर महिना. नीट पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि वस्तू ज्याची त्याला द्या. गंमत बघा, हे प्रकरण आलं कशातून? सुरतेकडच्या ठाण्यात ठेवलेल्या मुद्देमालातल्या मौल्यवान वस्तू बदलल्याचा आरोप पोलिसांवरच होता, आणि अपिलात गेले होते ते पोलीस.

आणि ठाण्यातून वस्तू नाहीशीच झाली तर? त्याचंही उत्तर जुनं आहे. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या बसव्वा पाटील नावाच्या बाईंच्या घरी चोरी झाली होती. दागिने सापडले, पोलिसांनी ठाण्यात ट्रंकेत ठेवले आणि तिथून ते गेले. सरकारचं म्हणणं, आता वस्तूच नाहीत तर देणार काय? 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वस्तू सरकारच्या ताब्यात असताना पुरेशी काळजी न घेतल्यामुळे गेली असेल, तर तिची किंमत सरकारने द्यायची. या बसव्वाबाईंची गोष्ट मी काकींना सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, 'तिच्याकडं पावत्या होत्या का?'

इथे काकींनी बरोबर बोट ठेवलं. पारध्याने एखादी वस्तू बाळगली तर ती कुठून आणली हे त्याला दाखवावं लागतं. महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम 124 आहे. चोरीची असावी असं मानायला कारण असलेली वस्तू जवळ सापडली आणि ती कशी आली याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर शिक्षा. कायदा सगळ्यांना सारखाच. पण माझ्या घरातल्या तांब्याची पावती माझ्याकडेही नाही. बायकोच्या मंगळसूत्राची होती, ती कुठे गेली ठाऊक नाही. मला कुणी विचारत नाही, एवढाच फरक.

तर आम्ही काय केलं ते सांगतो.

पहिल्यांदा मी काकींबरोबर ठाण्यात गेलो. कुठलं ठाणं ते विचारू नका. आधी ठाणं सापडायलाच दोन दिवस लागले होते, कारण धाड घालणारे एका ठाण्याचे आणि घरफोडी झाली दुसऱ्याच्या हद्दीत. हे लक्षात ठेवा, पहिला प्रश्न नेहमी 'कुठलं ठाणं' हाच असतो. तिथले साहेब सभ्यपणे बोलले. मला खुर्ची दिली. काकी उभ्याच राहिल्या, तेव्हा मीही उठलो. साहेब म्हणाले, 'असा कुठलाही मुद्देमाल आमच्याकडे नाही.'

मग लेखी अर्ज केला. तारीख, वेळ, वस्तूंची यादी, कोण हजर होतं, सगळं लिहिलं. काकींचा अंगठा घेतला. ठाणे अंमलदार पोच द्यायला तयार नव्हते. भांडलो नाही. पोस्टाने पाठवला आणि पोहोचल्याचा कागद जपून ठेवला, एक प्रत वरिष्ठांना पाठवली. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं त्या दिवसाचं चित्रीकरण राखून ठेवावं असंही त्यात लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले आहेत आणि चित्रीकरण अठरा महिने ठेवायला सांगितलं आहे. आमच्या मोटरसायकलीला चाकं आहेत, ती हवेतून ठाण्यात आली नसणार.

मग तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. ही समिती कोर्टाच्या आवारातच असते आणि आपल्या लोकांना ती माहीत नसते. 1987 च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. जमातीत आहे हे दाखवायला मात्र दाखला लागतो, आणि दाखला त्या पिशवीत. शेवटी काकी स्त्री आहेत या कारणावर वकील मिळाला. आपल्या वकीलबाई तरुण आहेत, तयारीच्या आहेत. त्यांनी 503 खाली अर्ज लावला आणि कोर्टाने पोलिसांना 'से' द्यायला सांगितलं.

तीन तारखा 'से' आलाच नाही. चौथ्या तारखेला आला, आणि त्यात मोटरसायकल निघाली! नाही म्हणाले होते ना? मुद्देमाल रजिस्टरला नोंद होती, 'रस्त्याच्या कडेला मिळून आलेली बेवारस मोटरसायकल' म्हणून. अशा वस्तूचा मालक माहीत नसला की कोर्ट जाहीरनामा काढतं. सहा महिन्यांत कुणी हक्क सांगितला नाही तर वस्तू सरकारजमा होते, लिलावात जाते. जाहीरनामा लागलेलाही होता. वस्तीवर वाचता येणारी एकच मुलगी, आणि ती आपल्या वसतिगृहात. आम्ही पोहोचलो तेव्हा सहा महिन्यांतले सात आठवडे राहिले होते.

गाडी सेकंडहँड घेतलेली, नाव बदललेलं नाही. आरसी बुकावर पहिल्या मालकाचं नाव. हे शेतकरी गृहस्थ माळशिरसकडचे. त्यांना शोधत गेलो तेव्हा वाटलं, पोलीस प्रकरण म्हटल्यावर दार लावून घेतील. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, 'त्या पोरानं पैसे हप्त्यानं दिले, एकही हप्ता चुकवला नाही. कुठं सही करू?' आपलं काम टाकून कोर्टात आले, प्रतिज्ञापत्र केलं आणि मिसळ खाऊन परत गेले. प्रवासाचे पैसे घेतले नाहीत.

मग हुकूम झाला: 35,000 रुपयांचं बंधपत्र आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार दिल्यावर गाडी परत द्यावी. पारध्याला जामीनदार कोण राहणार? वस्तीवर कुणाच्या नावावर सातबारा नाही. मी आपल्या मंडळीतल्या चार जणांना विचारलं. दोघांनी नाही म्हटलं, एकाने विचार करून सांगतो म्हटलं. चौथे आज इथे बसलेले आहेत. त्यांनी आपल्या घरपट्टीची पावती घेतली आणि माझ्याबरोबर आले. नाव घेऊ नको असं त्यांनी बजावलं आहे. पाळकसाहेबांनी तेव्हा हसत मला आठवण करून दिली की परक्याला जामीन राहणाऱ्याबद्दल नीतिसूत्रांत चांगलं लिहिलेलं नाही. मी त्यांना विचारलं, यात परका कोण? त्यांनी ते पुढच्या रविवारी उपदेशात वापरलं, माझं नाव न घेता.

गाडी आली तेव्हा बॅटरी नव्हती आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण नव्हतं. ताबा पावतीवर तसं लिहायला मी लावलं. मुद्देमाल कारकून म्हणाला, 'भाऊसाहेब, झाकणाचं काय एवढं!' आयुष्यभर मीही लोकांना हेच म्हणत आलो, त्यामुळे मला त्याचा राग आला नाही. पण लिहायला लावलं.

पिशवीची गोष्ट वेगळी आहे. पोलिसांच्या 'से'त तिचा उल्लेख नव्हता. डब्याचा नव्हता, डोरल्यांचाही नव्हता. गाडीचा हुकूम झाला त्यानंतरच्या आठवड्यात एके संध्याकाळी वसतिगृहाच्या फाटकाला एक पिशवी अडकवलेली मिळाली. तीच. रेशनकार्ड, आधार, दाखला सगळं आत. कुणी आणली माहीत नाही. वॉचमन म्हणतो साध्या कपड्यातला माणूस होता, मोटरसायकलवर आला, बोलला नाही. ज्याने आणली त्याने स्वतःच्या नोकरीचा विचार करूनच आणली असणार. त्याच्यासाठी मी प्रार्थना करतो. दाखला नव्याने काढायचा म्हटलं असतं तर 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागला असता. पालात राहणाऱ्या कुटुंबाने तो कुठून आणायचा? शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी भरला.

राहिले 31,000 रुपये, डोरली, जोडवी आणि मोबाईल. त्यांची नोंदच नाही, आणि नोंद नाही म्हटल्यावर 503 चा अर्ज तिथे अडतो, कारण ते कलम कळवलेल्या जप्तीसाठी आहे. त्यासाठी आता चौकशीची तक्रार केली आहे. तिचा निकाल काय लागेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लोणंदच्या बाजारातल्या व्यापाऱ्याने बोकडं घेतल्याचं लिहून दिलं आहे. डोरली काकींच्या लग्नातली, त्यांच्या सासूने घातलेली. त्याची पावती देवाकडेच असेल.

यातून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली आहे. प्रत्येक वस्तीवर एक वही. घरटी एक पान. गाडीचा इंजिन नंबर, चासी नंबर, मोबाईलचा आयएमईआय, दागिन्यांचा फोटो घरच्या बाईच्या अंगावर असतानाचा, शेळ्या विकल्या की व्यापाऱ्याची चिठ्ठी. सराफाने पावती दिली नाही तर आम्ही बरोबर जाऊन मागतो. कागदांच्या झेरॉक्स वसतिगृहाच्या कपाटात. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, 'म्हंजे पुन्हा हजेरीच का?' त्याच्या वडिलांनी वसाहतीत हजेरी दिली होती. मला उत्तर सुचलं नाही. शेवटी ठरलं की वही त्यांच्याच वस्तीवर राहील, त्यांच्याच पेटीत, आणि आम्ही मागितली तरी ती द्यायची की नाही हे ते ठरवतील. त्या म्हाताऱ्याने अजून आपलं पान भरू दिलेलं नाही.

तरुण संघाच्या एका मुलाने मला विचारलं होतं, हे कोर्टकचेरीचं काम मंडळीचं आहे का? मी त्याला अनुवादाचा चोविसावा अध्याय वाचायला सांगितला. तारण घ्यायला दुसऱ्याच्या घरात शिरू नये, बाहेर उभं राहावं, तो आणून देईल ते घ्यावं. जातं गहाण घेऊ नये, गरिबाचं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत द्यावं. तो वाचून आला आणि म्हणाला, 'काका, हा तर मुद्देमालाचा कायदा आहे.' आता तो आमच्याबरोबर तारखांना येतो आणि वह्यांसाठी फोटो काढतो.

आपल्याकडून काय हवं ते सांगून थांबतो. देणगीची पेटी मागे आहे, ती आहेच. मला त्याहून जास्त माणसं हवी आहेत. आणखी दोन वस्त्यांवरचे तीन अर्ज कोर्टात आहेत, आणि हुकूम झाले की जामीनदार लागतील. जोखीम आहे हे लपवत नाही. कोर्टाने बोलावल्यावर ती गाडी हजर केली नाही, तर बंधपत्राची रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते. घरी विचारून, बायकोशी बोलून मग या. सातबारा नाहीतर घरपट्टीची चालू वर्षाची पावती आणि आधार कार्ड लागेल. ज्यांना तारखेच्या दिवशी नुसतं सोबत येता येईल त्यांनीही नावं द्या. म्हाताऱ्या बाईबरोबर दोन माणसं उभी असली की तिला बसायला सांगतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

काकींची पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे. सकाळी साडेदहाला कोर्टाच्या फाटकापाशी आम्ही असू. चहाच्या वेळी मी त्या खिडकीजवळ बसतो, वही बरोबर आहे.